बाटलीवर एक, मोबाईलवर दुसरंच

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मेडिकलच्या काउंटरवर येणारी माणसं मला नावापेक्षा पट्ट्यांवरून लक्षात राहतात. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या सहा, ग्लिमेपिराइडच्या तीन आणि बीपीच्या गोळीच्या तीन पट्ट्या म्हणजे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले आमचे एक गिऱ्हाईक. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. गेल्या वर्षी सलग तीन महिने अण्णा आले नाहीत. तालुक्याच्या गावात असं झालं की वाटतं, पोराकडे पुण्याला गेले असतील, नाहीतर चौकात वीस टक्के सूट देणारं नवं दुकान निघालंय तिकडे वळले असतील. दुसरं खरं असेल तर जरा लागतं, पण विचारत कुणी नाही.

चौथ्या महिन्यात आले ते लंगडत. डाव्या पायाला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळलेली. "जखम वाळायची पावडर दे रे," म्हणाले. नवी चप्पल चावली होती, आणि चावली हे त्यांना दोन दिवसांनी मोज्याला रक्त लागलेलं बघून समजलं होतं. मला जखमेपेक्षा त्या दोन दिवसांची काळजी वाटली. साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. मग पायातून चप्पल निसटते आणि माणूस तसाच चार पावलं चालतो. बाकावर बसवून ग्लुकोमीटर लावला. आकडा आला ३८७.

"गोळ्या चालू आहेत ना?"

"त्या बंद केल्या की. आता मुळापासूनच जाणार आहे ती."

पिशवीतून त्यांनी बाटल्या काढल्या. चार बाटल्या, 'तीन महिन्यांचा कोर्स आणि एक फ्री', चार हजार आठशे रुपये, पार्सल आल्यावर रोख. त्यांच्या सगळ्या गोळ्यांचं माझ्याकडचं महिन्याचं बिल साडेतीनशेच्या आत असतं. बाटलीवर पान, फूल, धन्वंतरीची मूर्ती. मागची बारीक छपाई वाचायला मला चष्मा कपाळावर चढवून बाटली नाकाशी धरावी लागली. वर खाद्यपदार्थाचा परवाना क्रमांक, चौदा आकडी. खाली इंग्रजीत दोन वाक्यं: औषध म्हणून वापरण्यासाठी नाही, कोणत्याही रोगाचं निदान, उपचार किंवा प्रतिबंध करण्यासाठी नाही.

मोबाईलवरच्या जाहिरातीत छातीठोकपणे सांगितलेली गोष्ट बाटलीवर मुंगीच्या अक्षरात नाकारलेली होती. बाटली बनवणारा वकिलाला विचारून छापतो आणि जाहिरात करणारा कुणालाच विचारत नाही. दोघे एकच आहेत.

हा किस्सा मी ज्याला ज्याला सांगितला त्याची पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "एवढी चांगली माणसं फसतात कशी?" लेख लिहायला बसलो तो या प्रश्नाच्या रागाने. रोग्याला शहाणं करायच्या मोहिमा आपण वर्षानुवर्षं चालवतोय. जनजागृती सप्ताह, पोस्टर, 'भूलथापांना बळी पडू नका'. बळी पडणाऱ्याकडे एवढं बघताना बळी घेणाऱ्याकडे बघायचं राहून जातं. आणि हल्लीच्या व्यवहारात बळी घेणारा एकटा नसतो. रोग्याला गाठून देणारा आणि त्याचे पैसे घेणारा एक मोठा दलाल, म्हणजे फेसबुक-यूट्यूबसारखा जाहिरात दाखवणारा मंच, मध्ये बसलेला असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की कायद्याचा हात त्या दलालाच्या मानेपर्यंत पोचला पाहिजे.

आधी ती जाहिरात बघू. अण्णांच्या मोबाईलवर ती अजून होती. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, मागे बातम्यांच्या चॅनेलसारखा निळा पडदा. एक प्रसिद्ध निवेदक सांगतोय की या औषधामुळे मोठ्या कंपन्यांची झोप उडाली आहे. आवाज त्याचाच वाटतो, पण 'प', 'ब', 'म' उच्चारताना ओठ मिटत नाहीत, म्हणजे चेहरा यंत्राने हलवलेला आहे. खाली मराठी मजकूर: 'शुगर ला जड पासून समाप्त करा, फक्त ४५ दिवसात'. ज्याने हे लिहिलं त्याला मराठी येत नाही, त्याने हिंदीवरून यंत्राला करायला लावलंय. पण अण्णांनी आयुष्यभर 'सुटे पैसे द्या' आणि 'पुढे सरका' म्हणण्यात घालवलंय, व्याकरण तपासण्यात नाही.

दिलेल्या नंबरावर मी स्वतःच फोन केला. पलीकडे एक मुलगी, आवाज गोड. "अंकल, शुगर कितने साल से है? इन्सुलिन लेते हो क्या?" मी म्हटलं, आधी तुम्ही कोण ते सांगा. "मैं डॉक्टर बोल रही हूँ." रजिस्ट्रेशन नंबर विचारला. "होल्ड कीजिए, सीनियर डॉक्टर को देती हूँ." सीनियर डॉक्टरने फोन घेतला आणि मी तोच प्रश्न विचारल्यावर ठेवून दिला. पुढचे आठ दिवस मात्र मला वेगवेगळ्या नंबरांवरून मधुमेहाचे, गुडघेदुखीचे आणि एकदा केसगळतीचे फोन येत राहिले. टक्कल मला आहे, पण ते त्यांना कसं कळलं कोण जाणे. फॉर्ममध्ये भरलेलं नाव आणि नंबर हाही विकायचा माल असतो.

अण्णांचं एक वाक्य मला सोडून देता येत नाही. "पण पहिले पंधरा दिवस गुण आला होता हो." ते खोटं बोलत नव्हते. सगळी बनवाबनवी या 'गुण आला'वरच उभी असते, म्हणून ते नीट समजून घ्यायला हवं.

बाटल्यांसोबत एक आहाराचा कागद आला होता. भात बंद, साखर बंद, बटाटा बंद, संध्याकाळी सातच्या आत जेवण, रोज पाऊण तास चालणं. हेच त्यांच्या डॉक्टरांनी दहा वर्षं सांगितलं होतं, पण तेव्हा ते फुकट होतं. चार हजार आठशे मोजल्यावर माणूस पथ्य पाळतो. साखर उतरते, आणि श्रेय कॅप्सूलला जातं. शिवाय माणूस असली जाहिरात पाहून पैसे कधी भरतो? रिपोर्ट फार वाईट आला त्या आठवड्यात. साखर रोज वरखाली होतच असते, फार चढल्यानंतरचं पुढचं मोजमाप बहुतेक वेळा थोडं खालीच येतं. आणि पहिले काही दिवस गोळ्याही चालूच असतात. पंधराएक दिवसांनी फोन येतो, "अंकल, अब एलोपैथी बंद कर सकते हो," आणि खरी घसरण तिथून सुरू होते. ती लगेच कळत नाही. साखर अडीचशे-तीनशे असताना माणूस दुकानात उभा राहून गप्पा मारू शकतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी केली तर कळेल. म्हणूनच हमी पंचेचाळीस दिवसांची असते, आणि तपासणी करायची वेळ येईपर्यंत नंबर बंद झालेला असतो.

गुण येण्याचं आणखी एक कारण असू शकतं आणि ते जास्त भीतीदायक आहे. देशोदेशी 'वनस्पतीजन्य' म्हणून विकलेल्या कॅप्सूलमध्ये ग्लायबेनक्लामाइडसारखी ॲलोपॅथीचीच मधुमेहाची गोळी कुटून घातलेली सापडली आहे. सिंगापूरमध्ये २००८ साली पहिल्या पाच महिन्यांत मधुमेह नसलेले दीडशे लोक साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरून रुग्णालयात आले आणि त्यातले चार दगावले. भेसळ निघाली ती पुरुषशक्तीच्या बेकायदा गोळ्यांत. मधुमेहाच्या बाटलीत हीच चोरी असेल तर ती महिनोनमहिने 'गुणकारी' म्हणून खपेल, आणि किती मिलिग्रॅम पोटात जातंय हे रोग्याला, डॉक्टरला, मला, कुणालाच ठाऊक नसेल. २००८ मध्येच अमेरिकेत इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली होती. त्यातल्या सुमारे वीस टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं. मधुमेहात मूत्रपिंडं आधीच दमलेली असतात.

इथे कुणीतरी म्हणणार, म्हणजे तुम्ही आयुर्वेदावर घसरलात. मुळीच नाही. आमच्या गावात एक वैद्य आहेत. मधुमेहाचा रोगी गेला की ते नाडी बघतात, पथ्य सांगतात आणि गोळ्या बंद करू नका म्हणून दम भरतात. चरकाने प्रमेहाचे, म्हणजे लघवीवाटे दिसणाऱ्या विकारांचे, वीस प्रकार सांगितले आहेत: कफाचे दहा साध्य, पित्ताचे सहा याप्य, म्हणजे आटोक्यात ठेवता येतील असे, आणि वाताचे चार असाध्य. मधुमेह या शेवटच्या चारांत येतो. ज्या शास्त्राने हजारो वर्षांपूर्वी 'हा बरा होत नाही' असं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं त्याच शास्त्राच्या नावाने पंचेचाळीस दिवसांत मुळासकट उपटण्याची हमी दिली जाते. आयुर्वेदाचा याहून मोठा अपमान ॲलोपॅथीच्या कुठल्याही डॉक्टरने केलेला मला माहीत नाही. मेथी, कारलं, बेडकीचा पाला यांनी साखरेवर थोडाफार परिणाम होतो असं दाखवणारे छोटे अभ्यास आहेत, पण 'थोडाफार' हा शब्द जाहिरातीत बसत नाही.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. 'डायबिटीस रिव्हर्सल' हा शब्द सगळाच खोटा नाही. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या चाचणीत, जिचे पहिले निकाल २०१७ मध्ये आले, टाइप टू, म्हणजे बहुधा मोठ्या वयात जडणारा नेहमीचा मधुमेह असलेल्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरीवर ठेवलं. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची साखर गोळीशिवाय मर्यादेत आली होती. ज्यांनी पंधरा किलो किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. पण या सगळ्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, कुणी इन्सुलिनवर नव्हतं, गोळ्या देखरेखीखाली बंद केल्या होत्या, आणि दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के उरले. डॉक्टर याला 'रेमिशन' म्हणतात, 'बरा झाला' म्हणत नाहीत, कारण वजन परतलं की साखर परतते. जाहिरातवाला यातलं '४६ टक्के' उचलतो आणि बाकी सगळं टाकून देतो. अण्णांचा मधुमेह अठरा वर्षांचा आहे आणि वजन चोपन्न किलो. त्यांनी पंधरा किलो उतरवायचे कुठून? आणि टाइप वनचं, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असं पोर असलेल्या घरात ही जाहिरात पोचली तर? त्या मुलाचं इन्सुलिन थांबलं तर तीन महिने थांबावं लागत नाही. थोड्या दिवसांत, कधी कधी दोनेक दिवसांतच रक्तात आम्ल साचून जीव जाऊ शकतो.

बाजार केवढा मोठा आहे ते सांगायला एक आकडा पुरे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला, आणि आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर. सगळ्यात वरचं प्रमाण शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. दर चार प्रौढांत एक. आयुष्यभर न जाणारा रोग आणि एवढं गिऱ्हाईक, म्हणजे भोंदूला दुसरं काय हवं?

मग कायदा नाही का? आहे की. सत्तर वर्षांहून जुना आहे. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४. त्याच्या अनुसूचीत ५४ रोग आहेत आणि मधुमेह त्यात आहे. या रोगांवर उपचाराचा दावा करणारी जाहिरात लोकांसाठी करायचीच नाही, मग दावा खरा असो वा खोटा. म्हणून तर मेटफॉर्मिनची जाहिरात तुम्ही कधी टीव्हीवर बघितली नाही. दोन रुपयांच्या आसपासची, जगभर दशकानुदशकं तपासलेली गोळी गप्प बसते आणि कसली कशाची पावडर दिवसभर बोलते.

या कायद्यात 'जाहिरात' कशाला म्हणायचं त्याची व्याख्या मला फार आवडते. सूचना, पत्रक, लेबल, वेष्टन, तोंडी घोषणा, आणि 'प्रकाश, ध्वनी किंवा धूर' निर्माण करून केलेली घोषणा. ५४ सालच्या कुणा कारकुनाला आकाशात धुराने अक्षरं काढणारं विमान डोळ्यांसमोर असावं. मोबाईलमध्ये धूर नसतो, पण प्रकाश आणि ध्वनी दोन्ही भरपूर असतात. त्याहून महत्त्वाचे शब्द तिसऱ्या कलमात आहेत: अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कुणीही 'कोणताही भाग' घ्यायचा नाही. औषध बनवणाऱ्यानेच फक्त, असं कुठे म्हटलेलं नाही. कोणताही भाग. युनानी औषधं बनवणाऱ्या हमदर्द दवाखान्याने या कायद्याला आव्हान दिलं तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली काही तुकडे कापले, पण असली जाहिरात म्हणजे भाषणस्वातंत्र्य नव्हे हे स्पष्ट सांगून टाकलं.

कायदा आहे आणि तरी जाहिरात आहे. याचं एक उत्तर सगळ्यांना माहीत असलेल्या प्रकरणात सापडतं. २०२२ च्या जुलैत पतंजलीने वर्तमानपत्रांत ॲलोपॅथीविरुद्ध जाहिराती दिल्या, ऑगस्टमध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन सर्वोच्च न्यायालयात गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तंबी मिळाली, जाहिराती चालूच राहिल्या, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये ६७ वर्तमानपत्रांत माफीनामा आला, तेव्हा न्यायालयाने विचारलं की माफी तुमच्या जाहिरातीएवढ्याच आकाराची आहे का. त्याच महिन्यात उत्तराखंडच्या परवाना अधिकाऱ्याने चौदा उत्पादनांचे परवाने निलंबित केले, त्यात मधुग्रिट आणि मधुनाशिनी वटी होत्या. पुढच्या महिन्यात त्या राज्याच्या सरकारनेच आदेशाला स्थगिती दिली. ऑगस्टमध्ये माफी मान्य होऊन अवमानाचं प्रकरण मिटलं. देशातल्या सगळ्यात मोठ्या न्यायालयाला दोन वर्षं खर्ची घालून एक माफीनामा मिळतो, तिथे तालुक्यातल्या माणसाने कुणाकडे जायचं?

याच खटल्याच्या पोटात आणखी एक गोष्ट घडली, तिची चर्चा कमी झाली. आयुर्वेद, सिद्ध, युनानी औषधांच्या जाहिरातीआधी राज्याच्या अधिकाऱ्याकडून क्रमांक घ्यायला लावणारा नियम १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून या नियमाखाली कारवाई करू नका म्हणून कळवलं. जुलै २०२४ मध्ये नियमच काढून टाकला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने ते काढणं रोखलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मूळ याचिका निकाली निघाली तशी ती स्थगितीही उठली. १९५४ च्या कायद्यात इंटरनेट स्पष्ट घालणारा, दंड लाखांत नेणारा आणि रोगांची यादी ७८ वर नेणारा मसुदा २०२० च्या फेब्रुवारीत लोकांसमोर ठेवला होता. पुढे त्याचं काय झालं हे विचारायचं नाही.

तरीही हे सगळं पतंजलीसारख्या कंपन्यांपुरतं ठीक, ज्यांना पत्ता आहे, परवाना आहे, ज्यांना कोर्टात उभं करता येतं. अण्णांच्या बाटलीवरचा पत्ता हरयाणातल्या एका गल्लीतला होता आणि ग्राहकसेवेचा नंबर अस्तित्वात नव्हता. परवाना रद्द केला तर उद्या त्याच कॅप्सूल दुसऱ्या नावाच्या बाटलीत भरतील. या धंद्यात टिकाऊ, मोठी, सापडणारी अशी एकच गोष्ट असते: जाहिरात दाखवणारा मंच.

पूर्वी एसटी स्टँडच्या भिंतीवर गेरूने रंगवलेलं असायचं, मूळव्याध, भगंदर, मधुमेह, खात्रीशीर इलाज. रेल्वेच्या संडासात स्टिकर असायचे. वैदूचा तंबू पडायचा. तेही फसवतच होते. पण भिंत सगळ्यांना दिसायची. ज्याला मधुमेह नाही तोही वाचायचा आणि हसायचा, औषध निरीक्षकाची जीप तिथूनच जायची. मोबाईलवरची जाहिरात तशी नसते. ती फक्त त्याला दिसते ज्याने रात्री अकरा वाजता 'शुगर ३०० झाली तर काय करावे' असं शोधलंय. औषध निरीक्षकाला मधुमेह नसेल तर ती त्याच्या मोबाईलवर कधी उगवणारच नाही. आणि मोहीम संपली की जाते. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरात-संग्रहात राजकीय जाहिराती वर्षानुवर्षं ठेवतात, पण आपल्याकडच्या साध्या व्यापारी जाहिराती चालू असेपर्यंतच दिसतात. युरोपात कायद्याने वर्षभर ठेवाव्या लागतात. म्हणजे पुराव्याची भिंतच रोज रात्री पुसली जाते.

मंचांचं नेहमीचं उत्तर असं की आम्ही फक्त फलक लावायला जागा देतो, काय लिहिलंय ते बघणारे आम्ही कोण? माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ७९ वं कलम त्यांना हे संरक्षण देतं. पण त्याच कलमाच्या अटींमध्ये एक अट आहे: मजकूर कुणाला जायचा तो ग्राहक मध्यस्थाने, म्हणजे मंचाने, निवडलेला नसावा. लक्ष्य करून दाखवलेली जाहिरात म्हणजे ग्राहक निवडणं नाही तर दुसरं काय? आरोग्याच्या विषयावरून लोक निवडायची सोय काढून टाकणार असं फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये सांगितलं आणि २०२२ च्या जानेवारीत ती काढली. खरं आहे, जाहिरातदाराला आता 'मधुमेही' असं बटण दाबता येत नाही. बटण दाबायची गरजही राहिलेली नाही. कोण कुठल्या व्हिडिओवर चार सेकंद जास्त थांबला हे यंत्र बघतं आणि बरोबर अण्णांपाशी जाऊन पोचतं. पोस्टमन पत्राचा पत्ता वाचून घरी येतो. हा पोस्टमन घरात कोण आजारी आहे ते हुंगून पत्र टाकतो, आणि प्रत्येक पत्रामागे पैसे घेतो.

किती पैसे, याचा अंदाज रॉयटर्स या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये मेटाच्या अंतर्गत कागदपत्रांवरून दिला. २०२४ च्या उत्पन्नातला सुमारे दहा टक्के भाग, म्हणजे जवळपास सोळा अब्ज डॉलर, फसव्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींतून येईल असं कंपनीचंच भाकीत होतं. जाहिरातदार फसवा असल्याची ९५ टक्के खात्री पटली तरच त्याला बंद करायचं, त्याहून कमी संशय असेल तर दर वाढवायचा. कंपनीचं म्हणणं, कागदपत्रं निवडून एकांगी चित्र उभं केलं आहे आणि दहा टक्के हा ढोबळ, फुगलेला अंदाज होता. असेलही. पण ती दर वाढवण्याची रीत मला माझ्या काउंटरवर आणून बघावीशी वाटते. एखादं प्रिस्क्रिप्शन मला खोटं वाटतंय. गोळी नाकारण्याएवढी खात्री नाही. तर काय करायचं? दुप्पट भाव लावायचा आणि द्यायची.

माझ्याकडे शेड्यूल एच-वनची, म्हणजे जास्त कडक नियंत्रणातल्या औषधांची, नोंदवही असते. रोग्याचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध, किती दिलं. तीन वर्षं जपायची. निरीक्षक येतो, बोट ठेवतो, एक ओळ राहिली तर नोटीस. परवाना भिंतीवर काचेत लावलेला आहे आणि तो जाऊ शकतो या भीतीने मी रात्री दुकान बंद करताना वही बघतो. गावातल्या छोट्याशा गाळ्यावर जी जबाबदारी टाकता येते ती जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांवर टाकायला कायदा घाबरतो. मंचाने अनुसूचीतल्या ५४ रोगांपैकी कशाचीही जाहिरात पैसे घेऊन दाखवली तर तो प्रसिद्धीत भाग घेणारा, एवढं सरकारने एकदा स्पष्ट लिहावं. जाहिरातदाराची ओळख आणि पत्ता तपासल्याशिवाय आरोग्याची एकही जाहिरात घ्यायची नाही. घेतलेली प्रत्येक जाहिरात, किती जणांना आणि कोणत्या जिल्ह्यात दाखवली त्या तपशिलासह, दोन वर्षं सगळ्यांना बघता येईल अशी ठेवायची. माझ्या वहीसारखी. यात अशक्य काही नाही. दुसऱ्याच्या मालकीच्या गाण्याचा काही सेकंदांचा तुकडा वापरला तर यूट्यूबचं यंत्र लगेच पकडतं. 'शुगर जड से खत्म' त्याला ऐकू येत नाही असं मानायला मी तयार नाही.

माझ्या धंद्याबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर हा लेख लबाडीचा होईल. माझ्या काउंटरवर, रोख मोजायच्या डब्याशेजारी, बरीच वर्षं एका चूर्णाचे डबे उभे होते. डब्यावर 'मधु' ने सुरू होणारं नाव. मेटफॉर्मिनवर मला जेवढी रुपये-पैशांची दलाली सुटते त्याच्या कित्येक पट एका डब्यावर सुटायची. मी कुणाला 'घ्या' म्हटलं नाही. पण डबा तिथे ठेवणं म्हणजे काय, हे मला कळत नव्हतं असं नाही. मीही जागाच देत होतो. अण्णा लंगडत आल्यानंतर ते डबे काढले, तेव्हा बायको म्हणाली, आधी का नाही काढलेस.

अण्णांच्या पायाचं बोट वाचलं. सहा आठवडे ड्रेसिंग, दोन प्रकारचे अँटिबायोटिक, आणि आता सकाळी इन्सुलिन. तालुक्याच्या डॉक्टरांनी पाय रोज रात्री आरशात बघायला सांगितलंय. ते बघतात. त्या जाहिरातीची मी मंचावर तक्रार केली होती. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं की आमच्या नियमांचा भंग आढळला नाही. त्यानंतर संबंधित सरकारी कार्यालयाकडे लेखी अर्ज केला, जाहिरातीचे फोटो, बिल आणि बाटलीवरच्या बॅच नंबरासकट. पोच मिळाली आहे.

चारातली एक बाटली अण्णांनी उघडलीच नव्हती. "ही परत घेतील का रे ते?" असं विचारत त्यांनी ती माझ्याकडे दिली. नमुना म्हणून मागतील या आशेने मी ती ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. एक्स्पायरी यायला अजून चौदा महिने आहेत.